अरुंद गाडा, रुंद घर
चाकांवरच्या घरांच्या रुंदीची गोष्ट

सुगी संपली की कडब्याने भरलेल्या बैलगाड्या रस्त्याने जाताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. गाडीचा साटा दोन चाकांच्या मध्ये मावेल एवढाच रुंद असतो. त्यावर रचलेला कडबा मात्र दोन्ही बाजूंनी चाकांच्याही बाहेर आलेला असतो. मागून पाहणाऱ्याला गाडी दिसतच नाही, कडब्याचा डोंगर तेवढा पुढे सरकताना दिसतो. आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : खालचा आधार एवढा अरुंद आणि वरचे ओझे एवढे रुंद असूनही गाडी चालते कशी? बहुतेक मुले उत्तर देतील, ‘दोन्हीकडे सारखे वजन आहे म्हणून.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच आहे.

उरलेले अर्धे उत्तर शोधताना अनेक पिढ्यांच्या सुतार-लोहारांनी, रेल्वेच्या अभियंत्यांनी आणि घरच्या अंगणात हातोडी घेऊन बसलेल्या हौशी माणसांनी डोके खपवले आहे. या शेवटच्या मंडळींची गोष्ट विशेष मनोरंजक आहे. मोटारीच्या मागे जोडून न्यायची, चाकांवरची छोटी खोली त्यांना स्वतःच्या हाताने बांधायची होती. अशा खोलीला ‘कॅम्पर’ किंवा ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात. हाताशी असायची एखाद्या जुन्या मोटारीची अरुंद चासी, म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा. खोली मात्र हवी असायची माणसाला आडवे झोपता येईल एवढी रुंद. मग चासीपेक्षा रुंद खोली बांधायची कशी?

जिप्सी सुतारांची तीन उत्तरे

हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. इंग्लंडमधील रोमानी लोकांना पूर्वी सर्रास ‘जिप्सी’ म्हटले जाई. त्यांची भाषा मुळात आपल्याच भारतीय-आर्य भाषाकुलातली असून दोन, तीन, पाच यांसाठी ‘दुई’, ‘त्रिन’, ‘पांज’ असे ओळखीचे शब्द तिच्यात आजही आहेत. साधारण १८५० च्या सुमारास हे लोक तंबू सोडून घोड्याने ओढायच्या लाकडी घरांत राहू लागले. या घरांना ते ‘वार्दो’ म्हणत. कच्चे रस्ते, चिखल आणि ओढे यांतून जायचे तर मागची चाके मोठी हवीत. पण चाके मोठी घेतली की घराच्या रुंदीत ती आडवी येतात.

यावर तीन तऱ्हेची घरे तयार झाली. ‘रेडिंग’ नावाच्या घरात खोली पूर्णपणे दोन चाकांच्या मध्ये बसवलेली असे आणि भिंती वर जाताना बाहेरच्या बाजूला कललेल्या असत. त्यामुळे तळाशी अरुंद असलेली खोली छताशी थोडी रुंद होई. ‘बर्टन’ नावाच्या घरात खोली सरळ चाकांच्या वर ठेवलेली असे. तिथे रुंदी हवी तेवढी मिळे, पण घर फार उंच होऊ नये म्हणून चाके लहान ठेवावी लागत, आणि लहान चाके चिखलात रुतत.

तिसरे उत्तर सर्वांत चतुर होते. ‘लेज’ म्हणजे कट्टा. या नावाच्या घरात जमीन दोन चाकांच्या मध्ये अरुंदच असे. पण चाकांची उंची संपली की भिंत एकदम बाहेर येई आणि आत दोन्ही बाजूंना कट्टा तयार होई. हा बाहेर आलेला भाग खालून पितळी ब्रॅकेटांनी तोलून धरलेला असे. चाके मोठी, जमीन खाली आणि तरीही खोली रुंद, असे तिन्ही लाभ एकाच घरात! आपल्या जुन्या वाड्यांचा माडीवरचा सज्जा आठवा. रस्ता अडवायचा नाही, पण वरची जागा वाढवायची, ही सज्जाची युक्ती इथे चाकांवर चढली होती.

बार्शीची छोटी गाडी

एकोणिसावे शतक संपता संपता हाच प्रश्न रेल्वेपुढेही उभा राहिला, आणि त्याचे एक प्रसिद्ध उत्तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात दिले गेले.

रेल्वेचा डबा रुळांपेक्षा रुंद असतो, हे आपण रोज पाहूनही विसरतो. आपल्याकडील ब्रॉडगेजच्या रुळांमधले अंतर ५ फूट ६ इंच असते, म्हणजे १६७६ मिलिमीटर. प्रवासी डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट असते. पण रूळ आणखी जवळ आणले तर? पूर्वी अनेकांची समजूत अशी होती की अरुंद रुळांवर खेळण्यासारखे छोटे डबेच चालणार, त्यामुळे माल थोडा आणि नफा त्याहून थोडा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याला हे मान्य नव्हते. २ फूट ६ इंच अंतराच्या रुळांवर मोठे, ऐसपैस डबे सुरक्षित चालू शकतात. फक्त प्रत्येक आसावर येणारा भार सारखा आणि मर्यादित, ५ टनांपर्यंत, ठेवला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिच्या अडीच फुटी रुळांवर दुपटीहून अधिक रुंदीचे डबे धावू लागले. पुढे ही गाडी लातूर, पंढरपूर आणि मिरजेपर्यंत गेली आणि वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिने पंढरीला पोचवल्या. आता हा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. पण ‘आधार अरुंद म्हणजे घर अरुंद’ ही समजूत या गाडीने शंभर वर्षे खोटी ठरवली.

अंगणातले कारखाने

आता मोटारींच्या युगात येऊ. अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या एकाच प्रकारच्या दीड कोटीहून अधिक मोटारी तयार झाल्या. सामान्य माणसाच्या दारात गाडी आली आणि सुटीत कुटुंबासह भटकंतीची लाट उसळली. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे अशा भटक्यांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाची संघटनाही काढली. सुरुवातीला मुक्काम तंबूत असे. पण रोज तंबू ठोकणे आणि उपटणे कंटाळवाणे, त्यात पाऊस आला की हाल. मग जुन्या मोटारीचा आस आणि चासी घ्यायची, वर लाकडी खोली बांधायची आणि आपल्या गाडीमागे जोडायची, असा उद्योग घरोघरी सुरू झाला.

आर्थर शर्मन हा डेट्रॉइटचा जीवाणूशास्त्रज्ञ. त्याने तंबूसारखा उघडणारा एक तयार ट्रेलर विकत घेतला होता. तो पाच मिनिटांत उघडतो अशी जाहिरात होती. भर पावसात तो उघडता उघडता सारे कुटुंब चिंब भिजले. वैतागून शर्मनने १९२९ साली स्वतःच एक पक्क्या भिंतींची खोली करवून घेतली. ती ६ फूट रुंद आणि ९ फूट लांब होती. तिची उंची मात्र घरच्या मोटारीपेक्षा जास्त नव्हती. तिला नाव मिळाले ‘कव्हर्ड वॅगन’. रस्त्यात भेटणारे लोक एवढी चौकशी करू लागले की शर्मनने तशा खोल्या बनवून विकायला सुरुवात केली. काही वर्षांत त्याचा कारखाना या धंद्यातील सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक झाला.

इथले आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी मोटारींच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर ५६ इंच, म्हणजे ४ फूट ८ इंच असे. चासी तर त्याहूनही बरीच अरुंद. म्हणजे सहा फूट रुंद खोली अशा आसावर ठेवायची ठरवली की ती चाकांच्याही बाहेर आठ-आठ इंच येणार. रोमानी सुतारांपुढचा प्रश्न पुन्हा जसाच्या तसा उभा! खोली चाकांच्या मध्ये बसवायची की चाकांच्या वर?

नकाशा होता, कारण नव्हते

याच सुमारास कॅलिफोर्नियात वॉली बायम नावाचा एक मासिककार होता. १८९६ साली जन्मलेला हा गृहस्थ ‘स्वतः करून पाहा’ धर्तीचे एक मासिक चालवी. त्यात घरी ट्रेलर कसा बांधावा याचा नकाशा छापला गेला. नंतर वाचकांच्या तक्रारी येऊ लागल्या : नकाशाप्रमाणे केले, पण काम जमत नाही.

संपादकाने अशा वेळी काय करावे? दिलगिरीच्या दोन ओळी छापून मोकळे होता आले असते. बायमने तसे केले नाही. त्याने स्वतः हातात हत्यारे घेऊन ट्रेलर बांधायला घेतला. मॉडेल टीच्या चासीवर त्याने आधी तंबू उभारून पाहिला, मग थेंबाच्या आकाराची पक्की खोली केली. त्या काळी लोक खोली आसाच्या वर ठेवत. बायमने जमीन खाली, दोन चाकांच्या मध्ये उतरवली आणि छप्पर वर नेले, त्यामुळे आत माणसाला ताठ उभे राहता येऊ लागले. मग त्याने आपल्या अनुभवावरून नवा लेख लिहिला आणि नकाशे विकायला सुरुवात केली. १९३१ मध्ये यातूनच ‘एअरस्ट्रीम’ ही कंपनी उभी राहिली.

आपण शिक्षकांनी या गोष्टीतला वाचकांच्या तक्रारींचा भाग विसरू नये. नकाशात मापे असतात, पण त्या मापांमागची कारणे नसतात. नकाशा करणाऱ्याला एक चासी मिळालेली असते, बांधणाऱ्याला दुसरीच मिळते. ती सहा इंचांनी अरुंद निघाली की बांधणारा खोलीचे माप तेच ठेवतो आणि दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर काढतो. आता कोणती तुळई जाड करायची, कोणती नाही, हे त्याला कळायचे कसे? ते कळायला मापांमागचे गणित समजावे लागते. ते गणित दहावीच्या मुलांना झेपेल एवढे सोपे आहे.

कामटी आणि दोन पेन्सिली

बांबूची एक लांब, पातळ कामटी घ्या. तिच्या दोन्ही टोकांखाली एकेक पेन्सिल ठेवा. कामटीवर सगळीकडे सारख्या अंतराने खडूचे तुकडे मांडा. कामटी मध्ये वाकेल. आता दोन्ही पेन्सिली थोड्या थोड्या आत सरकवा. टोके बाहेर येतील आणि आश्चर्य म्हणजे मधला वाक कमी होत जाईल. असे का? बाहेर आलेल्या टोकांवरचा भार झोपाळ्याच्या फळीसारखा काम करतो. टोक खाली जाऊ पाहते, तसा मधला भाग वर उचलला जातो.

गणित करून पाहिले तर आणखी मौज दिसते. सर्वत्र सारखा भार असलेल्या तुळईचे आधार टोकांपासून लांबीच्या सुमारे २१ टक्के आत घेतले, तर तिच्यावरचा वाकवणारा जोर सर्वांत कमी होतो. टोकांना आधार दिला असता जो जोर येतो, त्याच्या तो जवळजवळ एक-षष्ठांश असतो. सात फूट रुंद जमिनीसाठी असे आधार चार फुटांहून थोडे अधिक अंतरावर येतील. म्हणजे चासी खोलीपेक्षा अरुंद असणे हा दोषच असतो असे नाही. योग्य प्रमाणात असेल तर तो फायदा असतो!

आधार आत घेण्याची ही युक्ती मापनशास्त्रातही मानाने वापरली गेली. १९६० पर्यंत जगातील सर्व मीटरांची जननी असलेली पॅरिसजवळची धातूची पट्टी १०२ सेंटिमीटर लांब होती. ती टोकांवर नव्हे, तर एकमेकांपासून ५७१ मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर ठेवावी, असे १९२७ च्या व्याख्येतच लिहिलेले होते. तिथे हेतू वेगळा होता : पट्टी वाकून तिच्या लांबीत फरक पडू नये. पण मुळातला विचार तोच.

मात्र घरात एक गोष्ट वेगळी असते. कामटीवर भार सगळीकडे सारखा होता. घरात भिंत नेमकी टोकावर उभी राहते आणि छपराचे वजनही तिच्यातूनच खाली येते. हिशेबासाठी एक आडवी तुळई सात फूट लांब धरू. जमिनीचा भार दर फुटाला २० किलो आणि प्रत्येक टोकावर भिंतीचा भार २० किलो असे मानू. वाकवणारा जोर म्हणजे भार गुणिले आधारापासूनचे अंतर. तो आपण किलो-फुटांत मोजू.

आधार अगदी टोकांना असतील तर तुळईच्या मध्यावर सुमारे १२२ किलो-फुटांचा जोर येतो. आता आधार एकेक फूट आत घ्या. बाहेरच्या जमिनीचे २० किलो सरासरी अर्ध्या फुटावर, म्हणजे १०, भिंतीचे २० किलो पूर्ण एक फुटावर, म्हणजे २०, एकूण ३०. मध्यावरचा जोरही उतरून सुमारे ३२ होतो. दोन्हीकडे जवळजवळ सारखा ताण, उत्तम समतोल! हाच मोह वाढवून आधार दोन फूट आत घेतले तर? जमिनीचे ४० किलो सरासरी एक फुटावर, म्हणजे ४०. भिंतीचे २० किलो दोन फुटांवर, म्हणजे आणखी ४०. एकूण ८०. एक फूट वाढला आणि जोर अडीच पटीहून अधिक झाला. शिवाय टोके खाली झुकून मधली जमीन वर फुगणार, ते वेगळेच.

वाकणे तर याहूनही वेगाने वाढते. फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सेंटिमीटर काढून टोकाला वजन टांगा आणि किती झुकते ते मोजा. मग तेच वजन ठेवून २० सेंटिमीटर बाहेर काढा. टेबलावरचा भाग घट्ट दाबून धरला असेल तर झुकणे दुप्पट नाही, सुमारे आठपट होईल. लांबीच्या घनाच्या प्रमाणात ते वाढते. उपाय एकच : तुळई उंच करा. भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईचा विचार गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला होता. त्याच्या गणितात एक चूक राहिली होती, पण तुळईची उंची दुप्पट केली तर बळकटी चौपट होते हे त्याने बरोबर सांगितले होते. म्हणून फळी आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची. आपल्याकडचे सुतार वासा असाच उभा बसवतात.

तुळई अखंड हवी

घरी बांधणारे हमखास चुकतात ती जागा आता सहज लक्षात येईल. आडवी तुळई चासीच्या दोन्ही बाजूंवरून एकाच लांबीत, अखंड गेली पाहिजे. तरच बाहेरचा भार मधल्या भागाशी तोलला जातो. त्याऐवजी चासीच्या बाहेरच्या अंगाला नुसते लोखंडी हात जोडले, तर तो भार चासीची लांब पट्टी पिळू पाहतो. उघड्या कडांची पन्हाळीसारखी पट्टी वाकायला कणखर असते, पण पिळायला फार कच्ची. ओल्या टॉवेलला पीळ बसावा तशी ती हळूहळू फिरते आणि वेल्डिंगला तडे जातात. हात जोडायचेच असतील तर त्यांच्या नेमके समोर, आतल्या बाजूला आडवी पट्टी हवी.

ट्रेलरच्या कारखान्यांनीही पुढे हीच पद्धत स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एअरस्ट्रीम ट्रेलरांत मध्ये दोन मुख्य पट्ट्या आणि त्यांतून बाहेर आलेले हात अशी चासी असते. त्या हातांवर बाहेरचे गोलसर घर बसते. या हातांना ‘आउटरिगर’ म्हणतात. कोकणातल्या होडीला बाजूला जी उलांडी असते, तिलाही इंग्रजीत हेच नाव आहे.

चाकांचा हिशेब

तुळई सांभाळली म्हणजे सगळे संपले असे नाही. गाडी उलटते ती चाकांच्या रेषेवरून. खोली कितीही रुंद केली तरी चाकांतले अंतर तेवढेच राहते. समजा चाकांतले अंतर ६० इंच आहे आणि भरलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० इंचांवर आहे. असा ट्रेलर उभ्या स्थितीत एका बाजूला ४५ अंश कलला तर उलटण्याच्या बेतात येईल. चाकांच्या वर खोली ठेवण्यासाठी जमीन उंच केली आणि गुरुत्वमध्य ४० इंचांवर गेला, तर हाच कोन सुमारे ३७ अंशांवर येतो. स्प्रिंगा, टायर आणि वळणावरचा वेग यांमुळे प्रत्यक्षातली मर्यादा आणखी कमी असते.

रुंद खोलीत आणखी एक धोका लपलेला असतो. ६०० किलोच्या ट्रेलरमध्ये ६० किलोचे कपाट मध्यापासून तीन फूट दूर, एकाच भिंतीला लावले, तर गुरुत्वमध्य साडेतीन इंचांहून अधिक त्या बाजूला सरकतो आणि ३७ अंशांचे ३३ होतात. अरुंद खोलीत वजन एवढे दूर ठेवताच येत नाही. म्हणजे रुंदी आपण होऊन गाडी उलटवत नाही. ती आपल्याला चूक करायला जागा देते. कडब्याची गाडी चालते, कारण रचणारा शेतकरी दोन्हीकडे सारख्याच पेंढ्या लावतो.

प्लायवुडचे चार फूट

रुंदी ठरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे सामानाचे माप. अमेरिकेत १९२८ मध्ये ४ फूट बाय ८ फूट हे प्लायवुडच्या तक्त्याचे प्रमाण माप म्हणून रूढ झाले आणि १९३४ मध्ये पाण्याने न सुटणारा डिंक निघाला. त्याआधीचे प्लायवुड पावसात टिकत नसे. या दोन गोष्टींमुळे घरी ट्रेलर बांधणे एकदम सोपे झाले. थेंबाच्या आकाराचा एक चिमुकला ट्रेलर लोकप्रिय झाला. त्यात फक्त झोपायचे, स्वयंपाक मागचे झाकण उघडून बाहेर उभे राहून करायचा. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने १९४७ मध्ये याचे नकाशे छापले. अशा ट्रेलराची रुंदी बहुधा चार फूट असते. चारच का? कारण तक्ता चार फुटी. चार फुटांत खोली चाकांच्या मध्ये बसते, जमीन खाली राहते, सगळे सुटसुटीत.

पण चार फुटांत दोन मोठी माणसे अंग चोरूनच झोपतात. म्हणून आजही हौशी मंडळी चार फुटी तयार ट्रेलर घेऊन त्यावर पाच फुटी खोली बांधतात. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे दोन्हीकडची सहा-सहा इंचांची वाढ तुळईला मुळीच जड नाही. खरी काळजी असते ती दुसरीच. खोली चाकांच्या वर आली की धक्क्याने चाक वर उचलले जाते तेव्हा त्याला मोकळी जागा ठेवावी लागते. आणि बाहेर आलेल्या जमिनीच्या खालच्या अंगावर चाकांनी उडवलेले पाणी सतत आदळते. ते अंग नीट रंगवून बंद केले नाही तर लाकूड आतून कुजते. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच ओल सर्वांत जास्त. वरून सतरंजी अंथरलेली असल्यामुळे ते दिसतही नाही.

रस्त्याची परवानगी

घर रुंद करण्याला शेवटी मर्यादा घातली ती रस्त्याने. अमेरिकेत अनेक राज्यांत वाहनाची रुंदी ८ फुटांपेक्षा जास्त चालत नसे. १९५६ च्या कायद्याने मोठ्या आंतरराज्य महामार्गांवर ९६ इंच हीच मर्यादा पक्की केली आणि १९८२ मध्ये ती १०२ इंच झाली. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २.६ मीटर ही मर्यादाही जवळपास तेवढीच आहे.

या आठ फुटांना कंटाळून १९५४ मध्ये विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे याने १० फूट रुंद ट्रेलर काढला. तो वाटेल तेव्हा ओढता येत नसे. खास परवानगी घेऊन एकदा जागेवर न्यायचा आणि तिथेच राहायचे. गंमत पाहा, एवढे एक-दोन फूट वाढले आणि वस्तूचा प्रकारच बदलला. ‘ट्रेलर’ आणि ‘मोबाइल होम’ या दोन वाटा तिथे वेगळ्या झाल्या. मोबाइल होम नावापुरतेच चालते राहिले आणि ज्यांना पक्के घर परवडत नव्हते अशा लाखो कुटुंबांचे ते कायमचे घर बनले. त्याच्या तळाशी आजही दोन लांब लोखंडी तुळया असतात, घरापेक्षा अरुंद अंतरावर, आणि त्यांतून बाहेर आलेले हात जमिनीच्या कडा तोलून धरतात. ‘लेज’ घराचे पितळी ब्रॅकेट इथे पोलादाचे झाले, एवढेच.

वर्गात नेण्यासारखे

अरुंद गाड्यावर रुंद घर बांधता येते का? येते, असे इतिहासाचे उत्तर आहे. मात्र त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते : बाहेर आलेल्या हातात, चाकांवरच्या उंचीत आणि रस्त्याच्या रुंदीत. यांतली एक किंमत टाळायला गेलो की दुसरी वाढते.

आणि बायमच्या मासिकाची गोष्ट आपल्यासाठी आहे. आपणही मुलांना बरेचदा नुसता नकाशा देतो : हे सूत्र, हे माप, असे करा. परीक्षेतली चासी नकाशातल्यासारखीच असते, म्हणून ते चालून जाते. बाहेर मिळणारी चासी सहा इंचांनी कमी निघते. तेव्हा ज्याने वर्गात कामटीखालच्या दोन पेन्सिली आपल्या हाताने सरकवून पाहिल्या असतील, त्याचे घर उभे राहील. बांबूची कामटी आणि दोन पेन्सिली कोणत्याही शाळेत मिळतात. पुढच्या तासाला करून पाहायला हरकत नाही.